डाव्या हाताची निब

बसलिंगअप्पांच्या दुकानात नुसते पैसे टाकून पेन मिळत नसे. गंगाखेडला नवा बदलून आलेला एखादा कारकून काउंटरवर नोट ठेवून म्हणायचा, "एक चांगलंसं पेन द्या." अप्पा नोटेकडं बघायचेसुद्धा नाहीत. कागदाचा चिटोरा पुढं सरकवायचे, त्यावर आपलं जुनं काळं पेन ठेवायचे आणि म्हणायचे, "लिहून दाखवा."

"काय लिहू?"

"नाव लिहा की. बापानं ठेवलंय नव्हं?"

तो बिचारा घाम पुसत नाव लिहायचा. कपाळावर भस्माचे पट्टे, नाकावर घसरलेला चष्मा, असे अप्पा कागदाकडं न बघता त्याच्या हाताकडं बघत राहायचे. लिहून झालं की निकाल. "हे अक्षर हाय का सांडलेली डाळ?" "तुमाला पेन कशाला? अंगठा शोभून दिसंल." एका वकिलाला तर भर दुकानात म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचा अशील फासावर गेला तर तुमच्या अक्षरानं जाईल, कायद्यानं न्हाई." दुकानाच्या पायरीवर बसलेली चार रिकामी टाळकी खो खो हसायची. उद्या त्यांचीही पाळी यायची, पण आजचं आज.

मी त्याच दुकानाच्या माडीवर भाड्यानं राहायचे. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला परभणीहून आले, तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. अप्पांनी दिली. का दिली, तर माझा अर्ज वाचून. "अक्षरावरून भाडं बुडवणारी वाटत न्हाई," म्हणाले. त्या माडीच्या गॅलरीतून त्यांचं मागचं अंगण दिसायचं, आणि पुढं जे मी सांगणार आहे ते बरंचसं त्या गॅलरीतूनच पाहिलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं ऐकून घ्यायला लोक त्या दुकानात मरायला जायचे कशाला? अहो, जायचे, कारण त्या माणसानं घासलेली निब एकदा हाताला लागली की दुसरं काही नको वाटायचं. नवं पेन ते तसंच्या तसं कुणाला देत नसत. निब आणि तिच्याखालची शाई आणणारी जीभ उपसून काढायची, कोमट पाण्यात धुवायची. मग कुरुंदाचा एक लहानसा दगड होता, त्यावर तेलाचं बोट फिरवून निबेचं टोक घासायचं. तुमचा हात किती कलतो, तुम्ही दाबून लिहिता की फुंकर घातल्यासारखं, हे त्यांनी आधीच हेरलेलं असायचं. घासून झालं की टोक अंगठ्याच्या नखावर फिरवून बघायचे. मग घरी वड्या भिजवून, फडक्यातून गाळलेली शाई ड्रॉपरनं भरायची आणि पेन तुमच्या हातात. "आता लिहा."

आणि ते चालायचं हो! ओरखडा नाही, आवाज नाही. मागं ओली निळी रेघ चमकायची आणि बघता बघता वाळायची. वह्या तपासायचा मला कंटाळा, पण त्या पेनानं 'छान' लिहायला मिळावं म्हणून मी चार पोरींना जास्तीचे 'छान' दिलेत. वर अप्पांचे नियम असायचे. उन्हाळ्यात पेन अर्धं भरून ठेवायचं नाही, हवा तापली की ते ओकतं. एक तर गळ्यापर्यंत भरा, नाहीतर रिकामं ठेवा. आणि, "पेन आन दातवण दुसऱ्याला द्यायचं न्हाई." दुसऱ्याचा हात लागला की निबेचं वळण मोडतं, असं ते म्हणत.

माझं अक्षर बघून म्हणाले, "बाई, तुमी लिहायलाव का भांडायलाव?"

मी म्हटलं, "दोन्ही. निब घासा आधी."

त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या दिवसापासून मला थोडं कमी बोलायचे, एवढंच.

पण खाटकाचा हात सफाईचा असला म्हणून तो काही देवमाणूस होत नाही. झरीकडचे एक पाटील लेकीच्या लग्नासाठी जावयाला घेऊन आले होते. त्या काळी नवरदेवाला घड्याळ आणि खिशाला पेन हे लागायचंच; फोटोत दिसायचं ना! जावई गोरागोमटा, तालमीतला. त्याच्या पुढं कागद सरकला आणि पोराचा चेहरा उतरला. पेन मुठीत धरलं, एक उभी रेघ ओढली आणि थांबला. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं त्यानं. पाटील गडबडीनं म्हणाले, "अप्पा, राहू द्या की. खिशालाच लावायचंय."

"आस्सं बोला की मग!" अप्पा म्हणाले. खणातून एक पेन काढलं, टोपण काढून वेगळं केलं आणि नुसतं टोपण कागदात गुंडाळून पाटलांच्या हातावर ठेवलं. "खिशाबाहेर एवढंच दिसतंय. खालचं आमी ठिवतो, कुणा लिहिणाऱ्याला कामाला यील."

पायरीवरची टाळकी हसून लोळली. बरं, लग्न चार दिवसांवर, दुसरं दुकान परभणीशिवाय नाही; ते टोपणच लावून त्या पोरानं फोटो काढला. पुढं त्याला सासुरवाडीत सगळे टोपणजावई म्हणायचे. म्हणे तो परत कधी बायकोला माहेरी सोडायलासुद्धा आला नाही. हे मी अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "मी काय खोटं विकलं का त्याला?"

दुसरी गोष्ट गायकवाड गुरुजींची. बौद्ध घरातला पोरगा, नुकताच शिक्षक म्हणून लागलेला, पांढरेशुभ्र कपडे. पहिल्या पगाराचं पेन घ्यायला आला. मी तेव्हा दुकानातच होते. त्यानं शांतपणे नाव लिहिलं आणि बाई गं, काय अक्षर! मोत्यांची सर म्हणतात ना, तसलं. अप्पा पहिल्यांदा हात सोडून कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कुणाचं चोरलंस रे हे?"

गायकवाड म्हणाला, "चोरलं न्हाई अप्पा. माझ्या बापाला, आज्याला कुणी पाटीला हात लावू दिला न्हाई. त्यांचं बी सगळं माझ्याच हातात साठलंय."

अप्पांनी दगड पुढं ओढला. त्या दिवशी त्यांनी जी निब घासली तशी मी पुन्हा पाहिली नाही. दोनदा उपसली, पुन्हा दगडावर घेतली. पेन त्याच्या हातात दोन्ही हातांनी, जपून दिलं. आणि सुटे पैसे मात्र वरून टाकले, हाताला हात लागू नये म्हणून. पेन वरून टाकता येत नव्हतं, निब खराब झाली असती.

गायकवाडनं काउंटरवरच्या पैशांकडं पाहिलं. "राहू द्या अप्पा. तुमालाच लागतील," म्हणाला आणि गेला. त्याच्या नावाचा तो चिटोरा अप्पांनी काचेखाली लावून ठेवला. कौतुक म्हणून नव्हे हो. व्यापाऱ्यांची पोरं आली की त्यावर बोट ठेवून त्यांना शिव्या द्यायला.

आता उमाचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच एवढं सगळं सांगितलं.

उमा अप्पांची एकुलती लेक. आई लहानपणीच गेलेली. पोरगी माझ्या वर्गात. बोलायला कमी, डोळे मात्र सगळं टिपणारे. उजव्या हातानं लिहायची ते सुबक, पण मुंगीच्या पावलानं. अर्धा निबंध व्हायचा आणि घंटा. एकदा मी वर्गात पाठमोरी झाले आणि वळून बघते तर हिचा डावा हात कागदावरून नुसता धावतोय. मला बघून तिनं पेन टाकूनच दिलं. मी म्हटलं, "अगं, लिही की! थांबलीस का?" त्या दिवशी तिनं पहिल्यांदा निबंध पुरा केला आणि वर्गात वाचून दाखवताना हसली. म्हणाली, "बाई, मला बी शिकवायचंय. तुमच्यासारखं." मॅट्रिक झाली की अध्यापिकेचा कोर्स, हे तिचं ठरलेलं होतं. आणि उजव्या हातानं ती मॅट्रिक होणार नव्हती, हे तिला आणि मला दोघींनाही ठाऊक होतं.

अप्पांना डावा हात चालत नसे. त्यांच्या लिंगायत घरी रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून पूजा व्हायची. तेवढ्यापुरता तो माणूस हळुवार व्हायचा. बेल वाहताना बोटंसुद्धा अलगद. त्यावरून त्यांनी आपलाच कायदा काढला होता. "डावा तळहात म्हंजे महादेवाची जागा. तिथं शाई लागू द्यायची न्हाई." घरी येणारे जंगमस्वामी एकदा म्हणाले, "अहो, असं कुठं सांगितलंय?" तर अप्पा म्हणाले, "स्वामी, तुमी लिहून दाखवा जरा." स्वामींनी झोळी उचलली आणि वाट धरली.

आणि लपवणार कसं? डाव्या हातानं लिहिणाराचा हात ओल्या शाईवरूनच पुढं सरकतो. करंगळीखालची कड निळी होतेच. रोज संध्याकाळी दिवा लागायच्या आधी उमा अंगणात उभी राहायची आणि तळहात पुढं करायची. अप्पा तो धरून उजेडाकडं वळवायचे. निळं दिसलं की त्या रात्री जेवण नाही. पोरगी शाळेतून निघताना खडूनं हात घासायची, हापशावर धुवायची, रक्त येईपर्यंत चोळायची. पण अप्पांची शाई पक्की. स्वतःच्या शाईचा त्यांना कोण अभिमान!

मॅट्रिकच्या आधी मी स्वतः खाली गेले. म्हटलं, "अप्पा, सगळ्या गंगाखेडला हात बघून निब घासून देता. पोटच्या पोरीला एक डाव्या हाताची द्या. दगडावर दुसऱ्या अंगानं घासायची, एवढंच तर आहे."

"एवढंच हाय," अप्पा म्हणाले. "अवघड काई न्हाई. पर ह्या दुकानात डाव्या हाताची निब घासली जात न्हाई, बाई."

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी उमाला नवं पेन दिलं. मला वाटलं, चला, बापाचं काळीज हललं. दुसऱ्या दिवशी मी त्याच केंद्रावर पर्यवेक्षक होते. पेपर सुरू झाला, उमानं इकडंतिकडं बघून पेन डाव्या हातात घेतलं आणि पहिल्याच ओळीला कागद टर्रकन फाटला. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाटला. मी जवळ जाऊन निब पाहिली. टोक तिरकं कापलं होतं. उजव्या हातात धरलं तर लोणी. डाव्या हातात धरलं की कड कागदात घुसायची. चुकून झालेलं नव्हतं ते. त्या दगडाशी अप्पांचं चुकून काही होत नसे.

मी माझं पेन काढून तिला दिलं. दातवण आणि पेन दुसऱ्याला देऊ नये म्हणे! गेला खड्ड्यात तुमचा नियम. उमानं त्या पेनानं पेपर पुरा लिहिला. बाहेर पडताना तिचा चेहरा फुलला होता, आणि मी तिच्या करंगळीखालची निळी कड बघत होते. कारण संध्याकाळ व्हायची होती.

गॅलरीतून पाहिलं. अप्पांनी तळहात उजेडाकडं वळवला, बघितला, सोडला. ओरडले नाहीत, मारलं नाही. उलट म्हणाले, "जेव जा."

दुसऱ्या दिवशी उमा परीक्षेला आली ती डाव्या हाताची मूठ फडक्यात घट्ट बांधलेली, आणि गाठीवर लाखेचा तांबडा गोळा. त्याच्यावर दुकानाचा पितळी शिक्का उमटवलेला. पार्सलाला मारतात ना, तसा. म्हणजे गाठ सोडली तर कळावं. मी कात्री आणायला निघाले तर उमानं मला धरलं. "नगं बाई. शिक्का मोडला तर उद्या परीक्षेलाच सोडणार न्हाईत. अंगाऱ्यावर हात ठिवून सांगितलंय त्यांनी." पुढचे सगळे पेपर तिनं तसे दिले. मुठीनं कागद दाबून धरायचा आणि उजव्या हातानं ते सुबक, मुंगीच्या पावलाचं अक्षर काढायचं. घंटा व्हायची, अर्धा पेपर कोरा.

मी खाली जाऊन अप्पांना नाही नाही ते बोलले. माणूस आहात का कसाई, इथपर्यंत गेले. ते शाई गाळत होते. "बाई, तुमी मार्क द्या. हात आमच्या घरचा हाय."

उमा नापास झाली. निकालाच्या दिवशी दुकानात कुणीतरी विचारलं, तर अप्पा काय म्हणाले माहितीये? "नापास झाली, पर उजव्या हातानं झाली." आणि दुसऱ्यांदा बसू दिलं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती गिऱ्हाइकांच्या निबा धुवायची, पेनं पुसायची. अप्पा घासताना ती दगडाकडं टक लावून बघत असायची. मी खोली सोडायचं बोलले तेव्हा तीच रडली, म्हणून राहिले.

मग बॉलपेनं आली. पोरं, कारकून, सगळे तेच वापरायला लागले. अप्पांनी दुकानात एक ठेवलं नाही. "रिफिलमधी तेल असतंय. तेलात भजी तळतात, लिहीत न्हाईत." गिऱ्हाईक ओसरलं, जीभ तशीच राहिली. एका पोस्टमनला "लिहून दाखवा" म्हणाले, तर त्यानं खिशातलं बॉलपेन काढून त्यांच्याच चिटोऱ्यावर नाव लिहिलं आणि हसत निघून गेला. त्या दिवशी अप्पा पहिल्यांदा मला म्हातारे दिसले.

एका सकाळी पूजा करतानाच त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. गंगाखेडातली माणसं बघायला यायची आणि तोंड पाडून बसायची, पण डोळ्यांत काय होतं ते मला कळायचं. उमानं दुकान उघडलं. पहिल्याच दिवशी दोरीला बॉलपेनांची माळ टांगली. ती आता सगळ्यांदेखत डाव्या हातानं लिहायची, आणि सकाळची पूजाही तीच करायची, आपल्या डाव्या तळहातावर, कड निळी असलेल्या.

माझी परभणीला बदली झाली. निघायच्या दुपारी निरोप घ्यायला मी मागच्या खोलीत गेले. अप्पा खाटेवर उशांना टेकून बसवलेले. तोंड वाकडं, ओठ सुकून फुटलेले. मला बघून घशातून काहीतरी आवाज काढायला लागले. उमा शेजारी उभी, डाव्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या.

"बोलणं समजत न्हाई त्यांचं," ती म्हणाली. "म्हणून लिहायला लावते."

तिनं त्यांच्या मांडीवर फळी ठेवली, फळीवर कागद. आणि त्यांच्या डाव्या हातात पेन दिलं. मी ते पेन ओळखलं. परीक्षेचं.

"लिहून दाखवा, अप्पा."

त्यांनी लिहायला सुरुवात केली. तिरकी कड घुसली, कागद टर्रकन फाटला. शाई सांडली. हात त्या शाईवरूनच पुढं सरकला. वेडीवाकडी, फुटकी अक्षरं. पण उभा जन्म मी असलीच अक्षरं वाचलीत. स्वच्छ लिहिलं होतं: पाणी.

उमानं कागद उजेडाकडं धरला. "हे अक्षर हाय का सांडलेली डाळ?" दुसरा कागद ठेवला. "पुन्यांदा."

"उमे," मी म्हटलं, "पाणी मागायलेत ते."

"कळतंय की बाई. पयल्या दिवसापासून कळतंय."

"मग बॉलपेन तरी दे त्यांच्या हातात!"

"दिलं होतं. फेकून दिलं त्यांनी."

मग तिनं त्यांचा डावा हात धरला, तळवा वर केला आणि खिडकीच्या उजेडाकडं वळवला. करंगळीखालची कड निळीशार झाली होती. तिनं तांब्या कलता केला आणि त्या तळहातावर पाणी ओतून अंगठ्यानं चोळायला लागली, सावकाश, जपून. "महादेवाची जागा हाय," म्हणाली. अप्पा त्या ओघळणाऱ्या पाण्याकडं बघत होते. त्यांनी हात तोंडाकडं न्यायला ओढला, पण तिनं सोडला नाही.

माझ्यानं बघवेना. मी तांब्या हिसकला आणि त्यांच्या तोंडाला लावला. ते प्यायले, घटाघटा, अर्धं पाणी अंगावर. मला उमाचा संताप आला होता, पण तो लाखेचा गोळा मी विसरले नव्हते.

पाणी पिऊन झाल्यावर अप्पांनी पुन्हा पेन धरलं. आता माझ्याकडं नाही, लेकीकडं बघत. कितीतरी वेळ लागला. एकच शब्द लिहिला. घास. आणि निबेवर बोट ठेवून, मान वाकडी करून, त्या कुरुंदाच्या दगडाकडं दाखवलं. डोळे भरून आले होते त्यांचे. मी त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी तेव्हाच पाहिलं.

उमानं दगड उचलला. मला वाटलं, आता घासते. तिला येत होतं, सगळं येत होतं. तिनं तो पदराला पुसला, निबेचं टोक अंगठ्याच्या नखावर फिरवून बघितलं, अगदी त्यांच्यासारखं, आणि दगड पुन्हा जागच्या जागी ठेवला.

"ह्या दुकानात डाव्या हाताची निब घासली जात न्हाई, अप्पा," ती म्हणाली.

मग तिनं फळीवर नवा कागद ठेवला, पेन त्यांच्या बोटांत नीट बसवलं आणि पुढं दुकानात निघून गेली. गिऱ्हाईक आलं होतं, बॉलपेनाला. मी स्टेशनला निघाले तेव्हा रस्त्यापर्यंत मला मागनं कागद फाटल्याचा आवाज येत होता.